‘तो म्हणाला की…’ ते ‘ही सेड दॅट…’: डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट स्पीच करण्याची पद्धत

बंदरावर उभा असलेला एखादा माणूस आपल्याला सांगतो, “तांडेल म्हणाला की मी उद्या समुद्रात जाणार नाही.” या वाक्यातला ‘मी’ कोण, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. तो तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख, आहे, सांगणारा माणूस नव्हे. आता हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेऊ:

द तांडेल सेड दॅट आय विल नॉट गो टू सी टुमॉरो.

इंग्रजी कानाला याचा अर्थ लागतो तो असा: तांडेलाचं म्हणणं आहे की, मी, म्हणजे हे वाक्य आत्ता बोलणारा माणूस, उद्या समुद्रात जाणार नाही. न जाणारा माणूसच बदलला. ‘टुमॉरो’सुद्धा तांडेलाचा उद्या राहिला नाही, सांगणाऱ्याचा झाला.

या प्रकरणातली अडचण सगळी इथे आहे. मराठीत ‘की’ म्हटल्यावर पुढे मूळ माणसाचं बोलणं जसंच्या तसं ठेवता येतं. मालवणीत तर ‘तेणां सांगल्यान, मी उद्या येतंय म्हणान’ असं आख्खं बोलणंच उचलून देतात. इंग्रजीत ‘दॅट’ आलं की मूळ बोलणारा बाजूला होतो आणि सांगणारा स्वतःच्या जागेवरून बोलायला लागतो. सर्वनामं, काळ, ‘हिअर’, ‘नाऊ’, ‘टुमॉरो’ हे सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजलं जातं. मुलांना तक्ते पाठ असतात, तरी उत्तर चुकतं, कारण त्या तक्त्यांमागचं हे कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या लेखात तक्ता पुढे येईल, आधी जागा ठरवू.

एक सूचना. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती आधी मोठ्याने वाचा आणि मग वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा. हा विषय डोळ्यांपेक्षा कानाने लवकर बसतो.

नावांचाही घोळ मिटवून घेऊ. अवतरणचिन्हांत दिलेलं मूळ बोलणं म्हणजे डायरेक्ट स्पीच, मराठीत प्रत्यक्ष कथन. आपण आपल्या शब्दांत सांगितलेलं म्हणजे इनडायरेक्ट स्पीच, अप्रत्यक्ष कथन. ‘रिपोर्टेड स्पीच’ हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरतात. काही व्याकरणांत अवतरणचिन्हांच्या आतल्या भागाला रिपोर्टेड स्पीच म्हणतात, तर काही ठिकाणी अख्ख्या इनडायरेक्ट स्पीचला. म्हणून आपलं पुस्तक कोणत्या अर्थाने म्हणतंय ते आधी बघा. ‘सेड’, ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’ ही क्रियापदं म्हणजे रिपोर्टिंग व्हर्ब.

पहिली पायरी: पेन उचलण्याआधी चार प्रश्न

वाक्य समोर आलं की लगेच ‘इज’चं ‘वॉज’ करायला धावू नका. आधी विचारा: कोण बोललं? कोणाशी बोललं? केव्हा बोललं? कुठे बोललं? आणि मग पाचवी गोष्ट बघा, हे बोलणं कोणत्या जातीचं आहे: साधं विधान, प्रश्न, आज्ञा किंवा विनंती, की उद्गार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण ‘डू ॲज डायरेक्टेड’च्या प्रश्नात गेलेले बहुतेक गुण या अर्ध्या मिनिटाच्या घाईपायी गेलेले असतात.

दुसरी पायरी: ‘सेड’ की ‘टोल्ड’

ऐकणारा सांगितलेला नसेल तर ‘सेड’ तसंच राहतं. ‘सेड टू मी’, ‘सेड टू द बोटमन’ असं असेल तर विधानात त्याचं ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड द बोटमन’ करायचं. ‘टोल्ड’च्या पुढे ‘टू’ येत नाही आणि ‘टोल्ड’ला ऐकणारा माणूस लागतोच. ‘ही टोल्ड दॅट’ हे चूक, ‘ही सेड मी दॅट’ हेही चूक. दुसरी चूक सरळ मराठीतून येते, कारण आपण ‘मला म्हणाला’ असं ‘टू’शिवाय म्हणतो.

मग स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं काढून त्यांच्या जागी ‘दॅट’ ठेवायचं. बोलताना इंग्रज माणसं ‘सेड’नंतरचं ‘दॅट’ बरेचदा गाळतात, पण परीक्षेत लिहाच. मूळ वाक्यात ‘राजन,’ अशी हाक असेल तर ते नाव ऐकणाऱ्याच्या जागी जातं:

द टीचर सेड, “राजन, यू हॅव फरगॉटन युअर बुक.”
द टीचर टोल्ड राजन दॅट ही हॅड फरगॉटन हिज बुक.

तिसरी पायरी: सर्वनामं

शाळेत ‘एस, ओ, एन’ ही खूण शिकवतात. प्रथम पुरुष सब्जेक्टप्रमाणे, द्वितीय पुरुष ऑब्जेक्टप्रमाणे, तृतीय पुरुषात नो चेंज. खूण चांगली आहे, वापरा. आतला ‘आय’ म्हणजे बाहेर बोलणारा, आतला ‘यू’ म्हणजे बाहेर ऐकणारा, एवढंच ती सांगते.

सुमती सेड टू मी, “आय विल सेंड यू माय नोट्स.”
सुमती टोल्ड मी दॅट शी वुड सेंड मी हर नोट्स.

इथे ‘यू’चं ‘मी’ झालं, कारण ते वाक्यात कर्माच्या जागी आहे. तेच ‘यू’ कर्त्याच्या जागी असतं तर ‘आय’ झालं असतं. ‘यू’ दोन्ही जागी सारखंच दिसतं, ‘आय’ आणि ‘मी’ मात्र वेगळे दिसतात, आणि मुलं इथेच अडखळतात. हे पाहा:

सुमती सेड टू मी, “यू कॅन कीप माय नोट्स.”
सुमती टोल्ड मी दॅट आय कुड कीप हर नोट्स.

आणखी एक जागा आहे, तिथे खूण पाळूनही अर्थ हरवतो:

सदानंद सेड टू विलास, “यू हॅव टेकन माय अंब्रेला.”
सदानंद टोल्ड विलास दॅट ही हॅड टेकन हिज अंब्रेला.

छत्री नेली कोणी, आणि कोणाची? वाक्य नियमाला धरून आहे, पण वाचणाऱ्याला ते कळणार नाही. परीक्षेत ‘ही’च्या पुढे कंसात विलासचं नाव लिहिण्याची जुनी पद्धत चालते. प्रत्यक्ष लिहिताना मात्र वाक्यच बदला: सदानंद अक्यूज्ड विलास ऑफ टेकिंग हिज अंब्रेला. नियम पाळून वाक्य धूसर होत असेल तर दुसरं क्रियापद शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: काळ

आधी बाहेरचं क्रियापद बघा. ते वर्तमानात किंवा भविष्यात असेल, म्हणजे ‘सेज’, ‘हॅज सेड’, ‘विल से’, तर आतला काळ हलवायचा नाही. सर्वनाम मात्र तरीही बदलतं:

द बोटमन सेज, “आय ॲम टायर्ड.”
द बोटमन सेज दॅट ही इज टायर्ड.

बाहेर ‘सेड’ असेल तर आतला काळ एक पायरी मागे जातो. कारण उघड आहे. त्याच्यासाठी जे ‘आत्ता’ होतं ते आपण सांगेपर्यंत ‘तेव्हा’ झालेलं असतं. एकाच मच्छीमाराच्या तोंडी वाक्यं घालून बघू. डावीकडे तो बोलतो, उजवीकडे आपण सांगतो. प्रत्येकाच्या आधी ‘ही सेड दॅट’ आहे असं धरा.

“आय सेल फिश.” — ही सोल्ड फिश.
“आय ॲम मेंडिंग माय नेट.” — ही वॉज मेंडिंग हिज नेट.
“आय हॅव सोल्ड द फिश.” — ही हॅड सोल्ड द फिश.
“आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग.” — ही हॅड बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग.
“आय सॉ अ डॉल्फिन.” — ही हॅड सीन अ डॉल्फिन.
“आय वॉज स्लीपिंग.” — ही हॅड बीन स्लीपिंग.
“आय हॅड लॉक्ड द डोअर.” — ही हॅड लॉक्ड द डोअर.

शेवटच्या वाक्यात बदल नाही. ‘हॅड’ ही सर्वांत मागची पायरी, तिच्या मागे जायला जागाच नाही. साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांची नकारार्थी रूपं वेगळी घोटून घ्या, कारण पेपरात सर्वाधिक चुका तिथे दिसतात. “आय डू नॉट नो”चं ‘ही डिड नॉट नो’ होतं. “आय डिड नॉट नो”चं ‘ही हॅड नॉट नोन’ होतं. ‘हॅड नॉट नो’ आणि ‘हॅड नॉट न्यू’ ही दोन्ही चूक. ‘हॅड’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप लागतं, आणि तिसरी रूपं पाठ नसतील तर हे प्रकरण पुढे सरकत नाही. आधी तीस-चाळीस अनियमित क्रियापदांची तिन्ही रूपं म्हणून घ्या, मग इथे परत या.

सहायक क्रियापदांत ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’. ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’, ‘शुड’, ‘ऑट टू’, ‘यूज्ड टू’ आहेत तशीच राहतात. ‘मस्ट’कडे जरा थांबून बघावं लागतं. मालवणला होडीवाला पर्यटकांना सांगतो, “यू मस्ट वेअर लाइफ जॅकेट्स.” ही सक्ती आहे, म्हणून ‘ही टोल्ड देम दॅट दे हॅड टू वेअर लाइफ जॅकेट्स’ करता येतं, ‘मस्ट’ ठेवलं तरी चूक नाही. पण “द बोट मस्ट बी निअर द फोर्ट” हा अंदाज आहे. तिथे ‘हॅड टू’ केलंत तर होडीला किल्ल्याजवळ असणं भाग होतं असा भलताच अर्थ निघेल. अंदाजातलं ‘मस्ट’ हलवू नका.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. त्यांचं जगप्रसिद्ध वाक्य या पायरीसाठी फार उपयोगी आहे:

टिळक सेड, “स्वराज इज माय बर्थराइट अँड आय शॅल हॅव इट.”
टिळक सेड दॅट स्वराज वॉज हिज बर्थराइट अँड दॅट ही वुड हॅव इट.

यात तीन गोष्टी टिपून घ्या. ‘अँड’ने जोडलेल्या दुसऱ्या वाक्यालाही ‘दॅट’ मिळालं. ते नसेल तर दुसरा भाग टिळकांचा की लेखकाचा हे कळत नाही. निर्धाराच्या ‘शॅल’चं ‘वुड’ झालं. तिसरी गोष्ट ऐकूनच कळते: गर्जनेचं निवेदन झालं. बोलणाऱ्याचे शब्दच मोलाचे असतात तेव्हा डायरेक्ट स्पीच सोडू नये. वर्तमानपत्रातली बातमी सगळा मजकूर इनडायरेक्टमध्ये देते आणि एखादंच वाक्य अवतरणात ठेवते, ते याच कारणाने. कुठे बदल करायचा नाही हे कळणं हाही व्याकरणाचाच भाग आहे.

काळ कुठे हलत नाही

सर्वकालिक सत्य बदलत नाही, हे सगळे पाठ म्हणतात. प्रश्न येतो तो सर्वकालिक सत्य ओळखायचं कसं हा. किनाऱ्यावरच्या मुलांना ते सहज समजतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा:

द टीचर सेड, “द मून अँड द सन कॉझ द टाइड्स.”
द टीचर सेड दॅट द मून अँड द सन कॉझ द टाइड्स.

माय अंकल सेड, “द टाइड इज कमिंग इन.”
माय अंकल सेड दॅट द टाइड वॉज कमिंग इन.

विषय दोन्हीकडे भरतीचाच. पण पहिलं वाक्य आजही खरं, शंभर वर्षांनीही खरं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, हेही तसंच. ते कोणी केव्हा सांगितलं याने फरक पडत नाही. काकांचं वाक्य मात्र त्या संध्याकाळपुरतं होतं. तुम्ही सांगेपर्यंत ओहोटी लागलेली असू शकते, म्हणून ‘वॉज’.

घडून गेलेल्या इतिहासाची गोष्टही अशीच. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. गाइड म्हणाला, “किंग थिबॉ डाइड इन रत्नागिरी इन १९१६,” तर आपण ‘द गाइड सेड दॅट किंग थिबॉ डाइड इन रत्नागिरी इन १९१६’ असंच लिहायचं. साल दिलेलं आहे, घटना जागच्या जागी पक्की आहे, ‘हॅड डाइड’ची गरज नाही.

कल्पनेतल्या अटीही हलत नाहीत. “इफ आय वेअर रिच, आय वुड बाय अ ट्रॉलर” याचं ‘ही सेड दॅट इफ ही वेअर रिच, ही वुड बाय अ ट्रॉलर’ होतं. सर्वनामाखेरीज काही बदललं नाही.

पाचवी पायरी: जागा आणि वेळ दाखवणारे शब्द

नाऊ — देन. टुडे — दॅट डे. टुमॉरो — द नेक्स्ट डे. यस्टर्डे — द प्रीव्हियस डे. लास्ट नाइट — द प्रीव्हियस नाइट. नेक्स्ट वीक — द फॉलोइंग वीक. अगो — बिफोर. हिअर — देअर. धिस — दॅट. दीज — दोज.

हा तक्ता परीक्षेसाठी पाठ करा, पण तो डोळे मिटून लावायचा नसतो. समजा, धोपावे जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघत तुम्ही उभे आहात आणि तिकीटवाला म्हणाला, “द फेरी विल लीव्ह फ्रॉम हिअर.” दोन मिनिटांनी त्याच जेट्टीवर तुम्ही सोबतच्या पाहुण्यांना सांगताय. तुम्ही ‘हिअर’वरच उभे आहात, मग ‘देअर’ कशाला म्हणाल? ‘ही सेड दॅट द फेरी वुड लीव्ह फ्रॉम हिअर’ हेच बरोबर. रात्री दापोलीत पोहोचून फोनवर सांगाल तेव्हा ‘फ्रॉम देअर’. पेपरातल्या वाक्यात सांगणारा कुठे आहे ते दिलेलं नसतं, म्हणून तिथे तक्ता लावायचा. घरी निवास-न्याहारी चालवणाऱ्यांना आणि फोनवर निरोप घेणाऱ्या मुलांना हा फरक रोजच्या कामाचा आहे. पाहुणा आत्ताच फोनवर “वी विल रीच ॲट फाइव्ह” म्हणाला, तर आईला ‘दे से दे विल रीच ॲट फाइव्ह’ असं सांगणं सरळ आणि शुद्ध आहे. पाच अजून वाजायचे आहेत.

सहावी पायरी: प्रश्न

मराठी माणसाची खरी परीक्षा इथे असते, म्हणून जरा रेंगाळू. आपण म्हणतो, “त्याने विचारलं की गाडी कधी येणार?” त्यात ‘की’ आहे, प्रश्नाचा मूळ क्रम आहे आणि शेवटी प्रश्नचिन्हही. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी सोडायच्या असतात.

द पॅसेंजर सेड टू द स्टेशन मास्टर, “व्हेन विल द मांडवी एक्सप्रेस अराइव्ह?”
द पॅसेंजर आस्क्ड द स्टेशन मास्टर व्हेन द मांडवी एक्सप्रेस वुड अराइव्ह.

‘आस्क्ड’ आलं की ‘दॅट’ नाही. ‘व्हेन’ स्वतःच जोडणीचं काम करतं. ‘वुड’ गाडीच्या मागे गेलं, म्हणजे आधी कर्ता, मग क्रियापद. आणि शेवटी पूर्णविराम, कारण प्रश्न पॅसेंजरने विचारला होता. आपण फक्त सांगतोय.

‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांचं काम प्रश्न उभा करण्यापुरतं असतं. प्रश्न मोडला की ते निघून जातात आणि त्यांच्यावरचा काळाचा भार मुख्य क्रियापदावर येतो:

“व्हेअर डू यू लिव्ह?” ही सेड टू मी.
ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.

“व्हेअर डिड यू बाय धिस फिश?” ही सेड टू मी.
ही आस्क्ड मी व्हेअर आय हॅड बॉट दॅट फिश.

ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, तिथे जोडायला प्रश्नार्थक शब्दच नसतो. मग ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घ्यायचं:

शी सेड टू द कंडक्टर, “डझ धिस बस गो टू गुहागर?”
शी आस्क्ड द कंडक्टर इफ दॅट बस वेंट टू गुहागर.

दोन पर्याय असतील किंवा ‘ऑर नॉट’ असेल तर ‘व्हेदर’ अधिक शोभतं.

‘हू’ किंवा ‘व्हॉट’ स्वतःच कर्ता असेल तर क्रम बदलायची गरज नाही, तो आधीच बरोबर असतो: “हू हॅज टेकन माय नेट?” याचं ‘ही आस्क्ड हू हॅड टेकन हिज नेट.’ “व्हॉट इज धिस?” मात्र ‘ही आस्क्ड व्हॉट दॅट वॉज’ असं होतं. हे ‘वॉज’ शेवटी येताना कानाला विचित्र वाटतं, म्हणून मुलं ते पुन्हा मधे सरकवतात. मोठ्याने म्हणत राहिलात की कान सरावतो.

सातवी पायरी: आज्ञा, विनंती, सूचना

इथे ‘दॅट’ही नाही आणि काळही नाही. ‘टू’ आणि क्रियापदाचं पहिलं रूप, नकार असेल तर ‘नॉट टू’. सगळा कस लागतो तो बाहेरचं क्रियापद निवडताना. कोण कोणाशी आणि कोणत्या सुरात बोलतोय ते ओळखायचं. अधिकारी हुकूम देतो, ऑर्डर्ड. डॉक्टर सल्ला देतात, ॲडव्हाइज्ड. ‘प्लीज’ असेल तर रिक्वेस्टेड, आणि मग ‘प्लीज’ गाळायचं. धोका असेल तर वॉर्न्ड:

द ऑफिसर सेड टू द फिशरमेन, “डू नॉट गो टू सी टुडे.”
द ऑफिसर वॉर्न्ड द फिशरमेन नॉट टू गो टू सी दॅट डे.

वादळाचा इशारा असेल तर ‘वॉर्न्ड’, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा आदेश असेल तर ‘ऑर्डर्ड’. शब्द तेच, प्रसंग वेगळा. ‘फरबेड’ वापरलंत तर ‘नॉट’ लावू नका, मनाई त्याच्या पोटातच आहे: फरबेड देम टू गो टू सी.

‘लेट अस’ची सूचना वेगळी. ‘सजेस्टेड मी टू गो’ हे इंग्रजीत चालत नाही.

राजन सेड टू हिज फ्रेंड्स, “लेट अस गो टू गणपतीपुळे.”
राजन सजेस्टेड टू हिज फ्रेंड्स दॅट दे शुड गो टू गणपतीपुळे.

उद्गार, शुभेच्छा आणि इतर किरकोळ

प्रत्यक्ष व्यवहारात हा प्रकार फारसा लागत नाही, पेपरात लागतो. ‘हुर्रे’, ‘अलास’ असे शब्द काढून त्यांचा भाव बाहेर आणायचा: एक्सक्लेम्ड विथ जॉय, एक्सक्लेम्ड विथ सॉरो. ‘व्हॉट अ’ आणि ‘हाऊ’ यांच्या जागी ‘व्हेरी’ येतं आणि उद्गाराचं साधं विधान होतं. “हाऊ स्वीट धिस मँगो इज!” याचं ‘शी एक्सक्लेम्ड दॅट दॅट मँगो वॉज व्हेरी स्वीट.’ दोन ‘दॅट’ शेजारी आले म्हणून घाबरू नका. पहिला जोडणारा, दुसरा आंबा दाखवणारा. ‘थँक यू’चं ‘थँक्ड’, ‘गुड मॉर्निंग’चं ‘विश्ड हिम गुड मॉर्निंग’. आशीर्वादाच्या ‘मे’चं ‘प्रेड दॅट… माइट’.

सगळ्या पायऱ्या एकत्र: हर्णैच्या बंदरावरचा संवाद

सुटी वाक्यं जमली की संवाद घ्या. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव होतो. तिथे एक पाहुणा आणि मासे विकणारी मावशी यांच्यातलं हे बोलणं:

“व्हॉट इज द प्राइस ऑफ धिस पापलेट?” द व्हिजिटर सेड टू द फिशरवुमन.
“इट इज एट हंड्रेड रुपीज,” शी सेड. “आय बॉट इट ॲट द ऑक्शन.”
“दॅट इज टू मच,” ही सेड. “प्लीज गिव्ह इट टू मी फॉर सिक्स हंड्रेड.”
“नो, आय कॅनॉट,” शी सेड. “कम टुमॉरो. द बोट्स विल ब्रिंग मोअर फिश.”

आता सांगू:

द व्हिजिटर आस्क्ड द फिशरवुमन व्हॉट द प्राइस ऑफ दॅट पापलेट वॉज. शी रिप्लाइड दॅट इट वॉज एट हंड्रेड रुपीज अँड ॲडेड दॅट शी हॅड बॉट इट ॲट द ऑक्शन. ही सेड दॅट दॅट वॉज टू मच अँड रिक्वेस्टेड हर टू गिव्ह इट टू हिम फॉर सिक्स हंड्रेड. शी रिफ्यूज्ड अँड टोल्ड हिम टू कम द नेक्स्ट डे. शी ॲडेड दॅट द बोट्स वुड ब्रिंग मोअर फिश.

पहिल्या वाक्यात ‘व्हॉट’ आणि ‘वॉज’ यांच्यामध्ये ‘द प्राइस ऑफ दॅट पापलेट’ हा लांबलचक कर्ता बसला, तरी तो आधीच. मग ‘रिप्लाइड’, ‘ॲडेड’, ‘रिफ्यूज्ड’ बघा. चार वेळा ‘सेड’ लिहिलं असतं तरी व्याकरण चुकलं नसतं, पण बोलण्याचा ओघ कळला नसता. “नो, आय कॅनॉट” एवढं सगळं एका ‘रिफ्यूज्ड’मध्ये मावलं. संवाद बदलताना वाक्याला वाक्य लावत बसू नका, बोलणाऱ्याने काय केलं ते ओळखा: विचारलं, उत्तर दिलं, भर घातली, विनवलं, नाकारलं.

उलट बाजूने, म्हणजे इनडायरेक्टचं डायरेक्ट करायला सांगितलं तर याच पायऱ्या उलट्या चढायच्या: काळ पुढे आणायचा, ‘दॅट डे’चं ‘टुडे’ करायचं, अवतरणचिन्हं आणि प्रश्नचिन्ह परत घालायचं. ‘हॅड सीन’ दिसलं तर मूळ ‘सॉ’ही असू शकतं आणि ‘हॅव सीन’ही. ‘द प्रीव्हियस डे’सारखी वेळ दिली असेल तर ‘सॉ’ घ्या.

सरावासाठी

उत्तरं झाकून ठेवा आणि चार प्रश्न विचारल्याशिवाय लिहू नका.

(१) द कंडक्टर सेड टू द बॉय, “व्हाय आर यू स्टँडिंग ॲट द डोअर?”
(२) माय ग्रँडमदर सेड, “आय प्लांटेड धिस ट्री फॉर्टी इयर्स अगो.”
(३) द ओनर सेड टू द टुरिस्ट्स, “डू नॉट स्विम निअर द रॉक्स.”
(४) द फार्मर सेज, “आय विल प्लक माय मँगोज नेक्स्ट वीक.”
(५) सुमती सेड टू मी, “डिड युअर फादर गो टू चिपळूण यस्टर्डे?”
(६) द गाइड सेड टू अस, “द फोर्ट स्टँड्स ऑन ॲन आयलंड, बट आय कॅनॉट टेक यू देअर टुडे.”

उत्तरं:

(१) द कंडक्टर आस्क्ड द बॉय व्हाय ही वॉज स्टँडिंग ॲट द डोअर.

(२) माय ग्रँडमदर सेड दॅट शी हॅड प्लांटेड दॅट ट्री फॉर्टी इयर्स बिफोर. त्याच झाडाखाली उभे राहून सांगत असाल तर ‘धिस ट्री’ ठेवायला हरकत नाही.

(३) द ओनर वॉर्न्ड द टुरिस्ट्स नॉट टू स्विम निअर द रॉक्स. ‘टोल्ड’ चालेल, पण खडकांजवळचा धोका ‘वॉर्न्ड’मध्ये येतो.

(४) द फार्मर सेज दॅट ही विल प्लक हिज मँगोज नेक्स्ट वीक. बाहेर ‘सेज’ आहे, म्हणून ‘विल’ही हललं नाही आणि ‘नेक्स्ट वीक’ही नाही. बदलली ती फक्त सर्वनामं.

(५) सुमती आस्क्ड मी इफ माय फादर हॅड गॉन टू चिपळूण द प्रीव्हियस डे. ‘डिड’ गेलं, ‘गो’चं ‘हॅड गॉन’ झालं, ‘युअर’चं ‘माय’.

(६) द गाइड टोल्ड अस दॅट द फोर्ट स्टँड्स ऑन ॲन आयलंड बट दॅट ही कुड नॉट टेक अस देअर दॅट डे. सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोरच्या बेटावर शिवाजी महाराजांच्या काळापासून उभा आहे आणि आजही आहे, म्हणून ‘स्टँड्स’ तसंच राहिलं. होडी न सुटणं त्या दिवसापुरतं होतं, म्हणून ‘कॅनॉट’चं ‘कुड नॉट’ झालं. ‘देअर’ मुळातच ‘देअर’ होतं, त्याला हात लावायचा नाही. एकाच वाक्यात एक काळ थांबतो आणि दुसरा मागे जातो. हे वाक्य न बघता जमलं असेल, तर पुढे पाठ्यपुस्तकातला एखादा पूर्ण संवाद घ्या आणि हर्णैच्या संवादासारखा सलग परिच्छेदात लिहून काढा.